अध्यक्षसाहेब एकोणिसावे

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला कुशिदाबाईंनी निरेसाकीच्या टेबलावर एक कागद ठेवला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि त्या आपल्या खोलीकडे निघाल्या. निरेसाकीनं कागद वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. कागदात काही फरक पडला नव्हता.

"कुशिदा-सान! अहो, थांबा! ही यादी उलटी तर नाही ना झाली?"

"बावीस वर्षांत एकदाही नाही झाली," कुशिदाबाई दारातूनच म्हणाल्या.

निरेसाकी 'साप्ताहिक तेप्पेन'चा संपादक होता आणि तेप्पेनमध्ये तेव्हा एकोणीस मांगा, म्हणजे चित्रकथांच्या मालिका, चालू होत्या. प्रत्येक अंकात एक टपालाचं कार्ड असे. पोरं त्यावर आपल्या आवडीच्या तीन चित्रमालिकांची नावं लिहून पाठवत आणि आलेली पहिली हजार कार्डं कुशिदाबाई हातानं मोजत. लागोपाठ तीन आठवडे जी मालिका तळाला राही ती बंद, मग चित्रकार कितीही नावाजलेला असो. तर या आठवड्यात तळाला, एकोणिसाव्या जागी, होती नवी कोरी मालिका 'तोकुझो निघाला!'. आणि हा तोकुझो म्हणजे दुसरंतिसरं कुणी नसून तोकुझो मुगिता, मुगिता प्रकाशनाचे संस्थापक, अध्यक्ष, वय एकोणऐंशी, राहणार त्याच इमारतीच्या सातव्या मजल्यावर. म्हणजे राहायला घरी, पण घरचे सांगत की तिथे ते फक्त झोपायला येतात.

हे दुखणं ओढवलं होतं कंपनीच्या चाळिसाव्या वाढदिवसामुळे. कंपनीला चाळीस वर्षं झाली की कंपनीचा इतिहास छापायचा, हे टोकियोत ठरलेलंच. आठशे पानं, कापडी बांधणी, वर पुठ्ठ्याची पेटी. कागदवाले, छापखानेवाले, बँकवाले ती पेटी दोन्ही हातांनी घेतात, वाकतात, फळीवर ठेवतात आणि त्यातून पुस्तक बाहेर म्हणून काढत नाहीत. वसंतातल्या बैठकीत अध्यक्षसाहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "असली वीट मला नको! आपण मांगावाले. आपला इतिहास मांगातच येऊ दे. तेप्पेनमध्ये. पोरांना वाचू दे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निरेसाकीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या, म्हणून काम त्याच्याच गळ्यात पडलं. तेप्पेनमध्ये छापलं की कार्डावरही येणार, हे मात्र त्या खोलीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

फोन वाजला. सातवा मजला.

"काय रे निरेसाकी, आमचा तोकुझो कितवा आला?"

"साहेब... मधोमध आहे, साहेब."

"पहिल्याच आठवड्यात मधोमध? वा!" पलीकडून म्हातारा लहान मुलासारखा हसला. त्याच्या छातीत मागच्याच वर्षी डॉक्टरांनी यंत्र बसवलं होतं आणि धक्का बसेल असं काही सांगू नका, अशी ताकीद साऱ्या कचेरीला होती. त्यामुळे तो धक्का निरेसाकीनं स्वतःच्या छातीवर घेतला.

दुपारी तो ही मालिका काढणाऱ्या चित्रकार उगाजिन सेन्सेईंच्या, म्हणजे उगाजिनबाईंच्या, घरी गेला. बाई तांदळाच्या कुरकुरीत चकत्या खात रेघा मारत होत्या.

"सेन्सेई, काहीतरी करा हो. एकोणिसावे आलोय आपण."

"मी काय करू? टिपणं तुमचीच ना? तुमचा हा तोकुझो पाचव्या वर्षी बरोबर, पंचविसाव्या वर्षी बरोबर. लढाईनंतर सगळं जळून कोळसा झालंय, लोक रताळ्यांवर दिवस काढतायत, आणि हा हातगाडीवर कागद लादतो, निघतो आणि पोचतो. झालं! पोचतो!"

"मग वाटेत काहीतरी घाला ना."

"काय घालू?"

निरेसाकीनं इकडेतिकडे पाहिलं. "लांडगे."

"टोकियोत?"

"सेन्सेई, लढाईनंतरचे दिवस होते. कोण मोजायला बसलं होतं?"

पुढच्या भागात लांडगे आले. तोकुझोनं त्यांना हातगाडीच्या दांडीनं पळवून लावलं आणि तो वेळेवर पोचला. सोमवारी कागद आला. एकोणीस. खाली कुशिदाबाईंनी वाचकांची मतंही टिपली होती. अठ्ठावीस मुलांनी लिहिलं होतं की लांडगे फार आवडले, लांडग्यांची वेगळी मालिका काढा.

फोन वाजला.

"साहेब, चढतोय! हळूहळू, पण चढतोय!" हे शब्द तोंडातून गेले आणि निरेसाकीला आपलीच जीभ ओढून काढावीशी वाटली. पलीकडून अध्यक्षसाहेब जरा ओल्या आवाजात म्हणाले, "निरेसाकी, घरच्यांनी मला उभ्या जन्मात कधी शाबासकी दिली नाही बघ. पोरं देतायत तर चारचौघांत घेऊ दे. चाळिसाव्याच्या समारंभात तिसऱ्या आठवड्याची यादी वाचायची. व्यासपीठावरून. कुशिदाला सांग."

"व्यासपीठावरून... सगळी यादी?"

"वरपासून खालपर्यंत."

समारंभ मोठ्या हॉटेलात होता आणि तीनशे पाहुणे होते. आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. एक तर तोकुझो तळातून वर यायला हवा होता, नाहीतर तीनशे लोकांसमोर म्हाताऱ्याची शोभा होणार होती आणि त्याच्या छातीतल्या यंत्राचं काय होईल ते देव जाणे. आपली नोकरी जाणार हे निरेसाकीनं केव्हाच धरून टाकलं होतं.

मग माणूस जे करू नये ते करतो. निरेसाकी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या सोबाच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या, दुकानात बसला, डाव्या हातानं चाळीस कार्डं भरली आणि ती गुपचूप आलेल्या टपालात मिसळून दिली. तासाभरात कुशिदाबाई ती घेऊन त्याच्यासमोर उभ्या.

"चाळीस मुलं, चाळीस गावं," त्या म्हणाल्या, "आणि चाळिसांनी सोबा खाल्लाय. हा बघा रस्सा. हा पण. यावर तर कांद्याची पात आहे."

निरेसाकीनं मान खाली घातली.

"कार्डं लिहिण्यापेक्षा वाचा की जरा," म्हणत बाईंनी एक गठ्ठा पुढे सरकवला.

गठ्ठ्यात सगळ्यात वर पेन्सिलीनं लिहिलेलं एक कार्ड होतं. 'तोकुझो कंटाळवाणा आहे. तो कधी चुकतच नाही. हातगाडी नदीत पडली तर मजा येईल. शोकिची हानावा, वय अकरा, कावागोए.' आधीच्या दोन आठवड्यांतही याच पोराचं कार्ड होतं. त्यातही हेच. नदी, नदी, नदी.

"अध्यक्षसाहेबांची गाडी नदीत?" निरेसाकी ओरडला. "काय निर्लज्ज कार्टं आहे! आणि नाव बघा, आजोबांच्या वेळचं!" पण बुडत्याला जे हाताशी लागतं तेच तो धरतो. त्याला वाटलं, हे एक पोरगं वळलं तर त्याचा वर्ग वळेल, वर्ग वळला तर शाळा वळेल. त्यानं तिथल्या तिथे त्याला दोन पानी पत्र लिहिलं आणि सोबत तेप्पेनचं पिवळं घड्याळ ठेवलं. ते बाजारात मिळत नसे, फक्त स्पर्धेत जिंकणाऱ्या मुलांना मिळे.

पाकिटावरचा पत्ता पाहून कुशिदाबाई म्हणाल्या, "नका पाठवू."

"का?"

"मुलगा हट्टी आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"बरीच वर्षं लिहितो."

अकरा वर्षांचा मुलगा बरीच वर्षं म्हणजे नेमकी किती लिहू शकतो, याचा हिशेब करायला निरेसाकीला सवड नव्हती. त्यानं पाकीट पेटीत टाकलं. चार दिवसांनी उत्तर आलं. 'घड्याळ छान आहे. तोकुझो कंटाळवाणाच आहे.'

समारंभाच्या दिवशी दुपारी हॉटेलच्या दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्यभागी गवतात गुंडाळलेलं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, मोठं पिंप. त्याचं झाकण लाकडी हातोडीनं फोडायचा मान अध्यक्षसाहेबांचा. ते काळ्या किमोनोत आले, सगळे वाकले, त्यांनी हातोडी वर उचलली आणि रुंद बाही कोपरापर्यंत घसरली.

निरेसाकीचे डोळे पांढरे झाले. म्हाताऱ्याच्या मनगटावर पिवळं घड्याळ होतं. पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा अडकवलेला.

त्याला वाटलं, भास आहे. मग वाटलं, साहेबांनी गोदामातून घेतलं असेल. मग हातोडी झाकणावर धाडकन पडली आणि टाळ्यांच्या कडकडाटात त्याला वाटायचंच बंद झालं.

"कुशिदा, वाच," अध्यक्षसाहेब म्हणाले.

कुशिदाबाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक नावाला लोक अध्यक्षसाहेबांकडे हसून बघत होते. दहाव्या नावानंतर हसू जरा ताठ झालं. पंधराव्यानंतर कागदवाल्या कंपनीचे संचालक छताकडे बघू लागले. "एकोणीस," कुशिदाबाई त्याच आवाजात म्हणाल्या, "'तोकुझो निघाला!'. लागोपाठ तिसऱ्यांदा."

निरेसाकी धावत पुढे गेला आणि त्यानं गालिच्यावर कपाळ टेकलं. "साहेब, मी खोटं बोललो! मधोमध नव्हता! चढत नव्हता! सगळा दोष माझा!"

"ते मला माहीत आहे," अध्यक्षसाहेब म्हणाले आणि त्यांनी बाहीतून दोन पानी पत्र काढलं. चष्मा चढवून ते मोठ्यानं वाचू लागले. "'प्रिय शोकिची, तू अजून लहान आहेस. थोर माणसाच्या हातगाडीचं नदीत काय काम, हे तुला मोठेपणी कळेल. तोवर तोकुझोला पहिलं मत दे आणि वर्गातल्या मित्रांनाही सांग. सोबतचं घड्याळ आईला दाखवू नकोस.'"

निरेसाकीनं कपाळ उचललं नाही. उचलता येईना.

"कावागोएत माझ्या धाकट्या बहिणीचं तंबाखूचं दुकान आहे," म्हातारा सांगू लागला. "शोकिची हानावा तिचा नवरा. देवाघरी गेला बिचारा, पण नाव कामाला येतं. पहिल्या अंकापासून मी दर आठवड्याला तिथे अंक विकत घेतो आणि कार्ड पाठवतो. अकरा वर्षांचा होऊन. अध्यक्ष म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही लोकांनी मान हलवून लगेच केलं असतं. मला बघायचं असतं की पोराचं कोण ऐकतं." ते जरा थांबले. "स्वतःला मत देणं काही जमलं नाही मला. खोटं कसं लिहू? कंटाळवाणाच होता. मला वाटलं, निदान बाकीची पोरं तरी देतील."

आता मात्र निरेसाकीनं कपाळ वर उचललं. त्यानं विचारलं, "साहेब, ती नदी..."

"पडली होती ना! पहिल्या अंकाचा अर्धा कागद! जवळची वाट माझीच. सगळे नको म्हणत होते." आणि म्हातारा इतका हसला, की यंत्र बसवणारे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "नियम म्हणजे नियम. मालिका बंद."

"आणि मी, साहेब?"

"तू ती वीट लिही. आठशे पानं. तिला कार्ड नसतं, म्हणजे तुला खोटं बोलायची पाळी येणार नाही."

पाहुणे सुटकेचा श्वास टाकून साकेकडे वळले. निरेसाकीनं कुशिदाबाईंना खांबाआड गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं!"

"मी नोकरीला लागले तेव्हाही तो मुलगा अकराच वर्षांचा होता," कुशिदाबाई म्हणाल्या. "पण वाचकाला वय विचारणं माझ्या कामात येत नाही."

पुढचे सहा महिने निरेसाकी रोज तिसऱ्या प्रहरी सातव्या मजल्यावर वही घेऊन बसे आणि विचारे, "आणखी कुठे चुकलात, साहेब?" म्हातारा आनंदानं सांगे. नाकारलेले चित्रकार पुढे दुसरीकडे गाजले ते सांगे, उलटं छापलेलं मुखपृष्ठ सांगे, बायकोचं न ऐकल्याचे प्रसंग तर दोन वह्या भरून झाले. दरम्यान उगाजिन सेन्सेईंची लांडग्यांची मालिका दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली.

वसंतात पुस्तक निघालं. आठशे बारा पानं, कापडी बांधणी, पेटी. पाहुण्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला आणि फळीवर ठेवली. निरेसाकीनं मात्र कुणाला न विचारता प्रत्येक प्रतीत एक टपालाचं कार्ड सरकवून दिलं होतं.

जूनमधल्या एका सोमवारी दहाच्या ठोक्याला कुशिदाबाई आल्या, वाकल्या आणि त्यांनी टेबलावर कागद ठेवला. कागदावर एकच ओळ होती.

"एकूण एक कार्ड आलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे पहिला क्रमांकही तुमचा आणि शेवटचाही तुमचाच."

निरेसाकीनं घाबरत घाबरत कार्ड उचललं. पेन्सिलीचं ओळखीचं अक्षर. 'पुस्तक फार जड आहे. हातगाडी नदीत पडली तिथे मोठ्यानं हसलो. शोकिची हानावा, कावागोए.'

त्याच्या खाली वयाची चौकट होती. तिच्यात आधी लिहिलेलं 'अकरा' खोडरबरानं नीट पुसून म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, 'बारा'.