साडूची भुरी

"तुमची काकडी अजून आजारी का पडली नाही?" साहेबांनी काचघराच्या दारातूनच विचारलं.

बियाणं कंपनीतल्या तपासनिसांचं काम असं उफराटंच होतं. काकडीच्या बारा नव्या वाणांवर भुरी रोग सोडायचा, पानांवर पांढरी पूड धरली की समाधानानं मान हलवायची आणि कोणता वाण तिला दाद देत नाही ते शोधायचं. भुरी जगते फक्त जिवंत पानावर, बाटलीत भरून ठेवता येत नाही. म्हणून त्यांनी ती सहा वर्षं चार कुंड्यांत लेकरासारखी सांभाळली होती. ते चार दिवस रजेवर गेले आणि नव्या माळीणबाईंनी पान न् पान साबणाच्या पाण्यानं पुसून काढलं.

"किती मळली होती हो बिचारी," माळीणबाई म्हणाल्या.

"महिनाअखेर निकाल द्या, नाहीतर काचघर टोमॅटोवाल्या बाईंना देतो," साहेब म्हणाले. टोमॅटोवाल्या बाई टेप घेऊन येऊन खिडक्या मोजूनही गेल्या.

घरी बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, "अहो, ताईकडे काकडीच्या वेलाची पानं पिठात घोळल्यासारखी झालीयेत. भावजी अगदी हवालदिल झालेत."

भावजी म्हणजे तपासनिसांचे साडू. साडूंचं घर मोठं, साडूंच्या डोक्यावरचे केस शाबूत, सासरी पहिला चहा साडूंना. बारा वर्षं त्यांनी हे सगळं मुकाट्यानं गिळलं होतं. पण भुरी? भुरी तरी त्यांची स्वतःची होती!

"त्यांच्याकडे आपोआप कशी आली?"

"वाऱ्यानं येते, असं तुम्हीच सांगता ना?"

"मग सगळं त्यांच्याकडेच कसं काय वाऱ्यानं येतं?"

रविवारी दोघं साडूंकडे पोचले. परसातले वेल हिरवेगार, चकाचक. तपासनीस एकेक पान उलटून बघू लागले.

"रोग? आमच्याकडे? छे!" साडू छाती काढून म्हणाले.

"सकाळपासून एकेक पान दूधपाण्यानं पुसतायत," थोरल्या मेहुणीबाईंनी आतून जाहीर केलं. "म्हणाले, साडूभाऊ तज्ज्ञ आहेत, त्यांच्यासमोर नाक कापून घ्यायचं नाही."

तपासनीस पायरीवर बसले. काचघर डोळ्यांसमोरून निघून चाललं होतं. शेवटी ते उठून साडूंजवळ गेले.

"साडूभाऊ, खरं सांगू? जळतो मी तुमच्यावर. मला ती भुरीच हवी होती हो. माझ्याकडची गेली. तुमच्यासारखी मला जमत नाही."

बारा वर्षांत साडूंनी असं काही ऐकलं नव्हतं. ते पार विरघळले. हात धरून त्यांनी तपासनिसांना पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि एक गोणपाट बाजूला केलं. खाली शेंड्यापर्यंत पांढराफटक पडलेला वेल होता.

"हा एक पुसायचा राहिला, म्हणून झाकला."

"वा! काय धरलीये!" तपासनिसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना बायको म्हणाली, "भावजींच्या हाताला यशच आहे. भुरीसुद्धा कशी भरघोस!" मांडीवरची पानांची पिशवी त्यांना एकदम जड वाटली.

कंपनीत भुरी कुठून आणली ते कुंडीवर लिहायची पद्धत होती. "कुठून आणलीत?" साहेबांनी विचारलं. "साडूकडून." साहेबांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'साडू'. तेव्हापासून रोज सकाळी "आज साडूचा जोर कसा आहे?" अशी चौकशी होऊ लागली. आठ दिवसांत अकरा वाण साडूपुढे आडवे झाले आणि ते तपासनिसांना स्वतःच्या हातानं वहीत लिहावं लागलं.

बारावा वाण मात्र हिरवाच राहिला. तपासनिसांनी त्याचं पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. भुरीनं ज्या पेशीत आपला तंतू खुपसला होता, ती पेशी स्वतःच मरून गेली होती. मेलेल्या पेशीत भुरीला घास मिळेना, त्यामुळे ती जागच्या जागी उपाशी सुकली होती. काचघर वाचलं. पण त्यांच्या मनात काचघर नव्हतंच. ते धावत घरी आले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, "अगं, साडू मेला! उपाशी मेला! माझ्या डोळ्यांनी बघितला!"

बायकोच्या कानाला फोन होता. पलीकडे ताईनं किंकाळी फोडली. मग तिनं मागे वळून पाहिलं असावं, कारण किंकाळी मध्येच थांबली. "अगं, हे तर इथे जेवतायत!"

साडूंनी फोन घेतला. इकडे बायकोनं स्पीकर लावला. तपासनिसांनी चाचरत भुरी, चिठ्ठी, बारावा वाण, सगळं सांगितलं.

"म्हणजे कंपनीत माझ्या नावाची भुरी होती?" साडूंचा आवाज भरून आला होता. "आणि एकटीनं अकरा वाण पाडले?"

"हो."

"मग एका ठिकाणी मेली म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका, साडूभाऊ. आख्खा वेल उपटून उद्या घेऊन येतो."

बायकोनं फोन ठेवून पदरानं डोळे पुसले. "केवढं मोठं मन!" ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "नाहीतर तुम्ही."