मन्मथअप्पांची करंगळी

मन्मथअप्पांनी डाव्या हाताची करंगळी गिटारच्या चौथ्या घरात नेली आणि सगळा जीव एकवटून तार दाबली. सूर निघाला नाही, नुसतं खुट् झालं.

"काका, परत," सोमेश म्हणाला. सोमेश म्हणजे लातुरात गिटारचे क्लास घेणारा मास्तर, वयाने अप्पांच्या निम्मा. "घाई नको. स्पीड मागून येतो. आधी हळू, पण स्वच्छ."

"मास्तर, रविवार काय थांबणाराय का?"

अप्पांची घाई खोटी नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी उदगीरला मुलगी बघायला गेले, तेव्हा वर्षाराणीनं विचारलं होतं, छंद काय? अप्पांच्या तोंडून निघून गेलं, गिटार वाजवतो. गिटार त्यांनी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. वर्षाराणीनं पुढे कधी 'वाजवून दाखवा' म्हटलं नाही आणि हेच अप्पांना इतकी वर्षं डाचत होतं. आता रविवारी लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार, मंगल कार्यालयात दोनशे पाहुणे येणार. तिथे तिच्या आवडीचं गाणं वाजवायचं आणि खोट्याचं खरं करून टाकायचं, असा त्यांचा चोरून बेत होता. गाण्याला मिनिटाला शंभर ठोक्यांची लय हवी होती आणि तीन महिने घासूनही अप्पांची बोटं साठाच्या पुढे सरकत नव्हती.

"प्रत्येक बोट सुटं चाललं पाहिजे," सोमेशनं सांगितलं. "दिवसभर बोटांना काम द्या."

अप्पांची डाळमिल होती आणि मिलमध्ये बोटांच्या कामाला तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट तूरडाळीच्या ढिगाशी रत्नम्माशेजारी मांडी घालून बसले. रत्नम्मा वीस वर्षं डाळ निवडत होती. तिची बोटं कधी खड्यावर पडली आणि कधी उचलली, हे दिसायचंसुद्धा नाही.

"मालक, काय करून राहिलात?"

"डाळ निवडून राहिलो. तू तुझं कर."

अप्पा डाव्या हातानं एकेक दाणा उचलू लागले. आधी तर्जनी आणि अंगठा, मग मधलं बोट, मग अनामिका. करंगळीची पाळी आली की दाणा निसटायचा आणि अप्पांना घाम फुटायचा. रत्नम्माचे हात थांबले. तिच्या सासऱ्याला लकवा मारला होता, तेव्हा डॉक्टरांनी नेमका हाच व्यायाम दिला होता.

"मालक," ती हळूच म्हणाली, "घरी ठाव हाय का?"

अप्पा दचकले. क्लासची बातमी हिच्यापर्यंत आली कशी? "घरी एक शब्द काढायचा न्हाई. रविवारपर्यंत तर न्हाईच."

रत्नम्मानं शब्द पाळला. तिनं फक्त शेजारणीला सांगितलं, तेही शपथ घालून. दुपारच्या आत अख्ख्या आडत बाजाराला कळलं, की मन्मथअप्पांचा डावा हात गेला.

पहिले धावत आले ते किशनराव, अप्पांचे जुने आडते मित्र. त्यांना स्वतःला गेल्या वर्षी लकवा झाला होता. पाय सुधारला, डाव्या हातात मात्र जोर आला नाही. तेव्हापासून बिचाऱ्यांनी लग्नाकार्याला जाणंच सोडलं होतं.

"लपवू नका, अप्पा."

"अवो, मला काय बी झालं न्हाई."

"मी बी असंच म्हणत होतो," किशनराव म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी अप्पा घरी पोचले, तेव्हा बैठकीत तीन घड केळी, मालिशचं दोन तऱ्हेचं तेल आणि उदगीरची सासुरवाडी हजर होती. कार्यक्रम रद्द करावा, असं वडीलधाऱ्यांचं ठरतही आलं होतं. वर्षाराणी पांढरीफटक पडली होती.

"करंगळी हलवून दाखवा," ती म्हणाली.

दिवसभर डाळ उचलून करंगळी पार आखडली होती. अप्पांनी जोर लावला, ती जागची हलली नाही. वर्षाराणीला रडू फुटलं, तसे अप्पा तिला आतल्या खोलीत घेऊन गेले.

"वर्षा, मी गिटार शिकून राहिलो."

"पंचवीस वर्सांमागं येते म्हणला होता."

"नव्हती येत."

"ते मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं," तिनं डोळे पुसले. "लाज वाटंल म्हणून कधी इचारलं न्हाई."

अप्पांना तिच्याकडे बघवेना. तिनं बाहेर जाऊन ठणकावून सांगितलं, यांना काहीही झालेलं नाही, कार्यक्रम होणार. लोक म्हणाले, बाई मोठ्या धीराची.

रविवारी अप्पांनी गिटार घेतली. गाणं साठाच्याच लयीत निघालं, पण सूर न् सूर स्वच्छ होता. आजारी माणूस वाजवतोय म्हणून दोनशे पाहुणे पदरानं आणि रुमालानं डोळे टिपू लागले. वर्षाराणी एकटीच हसत होती, आणि अप्पांना तेवढं पुष्कळ होतं. टाळ्या संपल्यावर वर्षभरात पहिल्यांदाच कार्याला आलेले किशनराव स्टेजवर चढले.

"अप्पा, डॉक्टर कोण तुमचा?"

या माणसाशी खोटं बोलणं अप्पांना जमलं नाही. "डॉक्टर न्हाई, किशनराव. मला लकवा झालाच नव्हता. मला येतंच एवढं हळू."

किशनरावांनी अप्पांची बोटं निरखून पाहिली. "म्हणजे चांगल्या बोटांनी बी एवढंच येतं?"

"हाव. तीन महिने घासून."

"मग मी काय लई मागं न्हाई," किशनराव म्हणाले. त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलून गिटारच्या तारांवर ठेवला. "सांगा, पयलं बोट कुठं ठेवायचं?"