माणिकप्पांचे वाराबंद घर

जळकोटच्या माणिकप्पांनी त्या वर्षी आपल्या घरात वाऱ्याला बंदी घातली. निजाम सरकारात कशावर ना कशावर बंदी असायचीच, त्यामुळे गावाला त्यात काही नवल वाटले नाही. नवल एवढेच, की माणिकप्पांनी आपली बंदी खरोखर अमलात आणली.

कारणही तसेच होते. त्यांची एकुलती एक लेक नीलम्मा माकणीला दिलेली होती आणि तिचे पहिले बाळंतपण ऐन पौषात येणार होते. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, यात विचारण्यासारखे काही नव्हते. पण नीलम्माच्या सासूने, रुद्रम्माने, ते विचारले. दिवाळीला येऊन जाताना ती उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "व्याही, घर लई मोठं हाय तुमचं. पर वारं हिकडनं शिरतंय आन तिकडनं जातंय. माझी सून असल्या गारठ्यात न्हाय ठिवायची मी. येळवशीला येते, बघते, मग ठरवू."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत माणिकप्पांची बायको चन्नम्मा हसतमुखाने उभी होती. मग ती नवऱ्याकडे वळली. "पोरीचं बाळंतपण माकणीला झालं, तर मी गावात कुणाला तोंड दाखवायची न्हाय. तुमालाबी न्हाय."

दुसरा कोणी असता तर दोन गोधड्या जास्त शिवून घेऊन मोकळा झाला असता. माणिकप्पांनी उदबत्ती पेटवली आणि ते भिंतीभिंतीने फिरू लागले. धूर जिथे हलला तिथे फट, असा त्यांचा हिशेब. शेजारच्या कडूबाईने त्यांना असे डोळे बारीक करून, उदबत्ती धरून कोपऱ्याकोपऱ्यात थांबताना पाहिले आणि ती येऊन त्यांच्या पाया पडून गेली. माणिकप्पांनी आशीर्वाद दिला आणि ती गेल्यावर तिच्यामागची फट हेरली.

फटी बुजवायला त्यांनी स्वतः गारा मळला. चुना, गूळ, बेलफळाचा गर आणि कातरलेल्या चिंध्या. नळदुर्गचा किल्ला याच गाऱ्यावर उभा आहे, असे ते छातीठोकपणे सांगत. किल्ल्याला विचारायची सोय नव्हती. पण गारा खरोखर असा जमला, की एक उंदीर आपल्या जुन्या बिळापाशी आला, थोडा वेळ बसला आणि बिऱ्हाड घेऊन कडूबाईकडे राहायला गेला. सोलापूरच्या वाटेवरच्या जकातीच्या करोडगिरी नाक्यावरही एवढा कडक बंदोबस्त नसेल.

माळवदी छताला उजेडासाठी आणि धुरासाठी तीन सवणी, म्हणजे झरोके, होती. दोन माणिकप्पांनी वरून बुजवून टाकली. तिसऱ्या सवण्याखाली, चुलीपाशी, चन्नम्मा फुंकणी घेऊन उभी राहिली.

"ह्ये बुजवायचं तर आदी मला बुजवा."

माणिकप्पांनी क्षणभर विचार केला आणि सवणे राहू दिले.

शेवटी राहिले दार. येळवशीच्या दिवशी पहाटे त्यांनी चौकटीला आतून चहूबाजूंनी ओला गारा थापला आणि त्यात जुन्या घोंगडीच्या पट्ट्या बसवल्या. "सांजपातुर दाराला कुणी हात लावायचा न्हाय," असा हुकूम त्यांनी सोडला. तो मोडणारे घरात एकच माणूस होते, आणि ते म्हणजे ते स्वतः.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी सगळा गाव शेतात असतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, उभारायचे, त्यात पूजा करायची, आणि भज्जी, उंडे, खीर खाऊन वर आंबिल प्यायचे. माणिकप्पांचा धाकटा भाऊ पंचाक्षरी सगळा स्वयंपाक आणि पोरेबाळे गाडीत घालून सकाळीच गेला. खिरीच्या वासाने गल्लीतली कुत्रीही गाडीमागे गेली. विहिणीला घेऊन मागून यायला माणिकप्पा आणि चन्नम्मा तेवढे मागे राहिले.

आदल्या रात्री नळदुर्गला बहिणीकडे मुक्काम करून रुद्रम्मा आली. अंगावर दोन शाली, डोक्याला फडके. गाडीवान बैल घेऊन परस्पर शेताकडे गेला. रुद्रम्माने माजघरात बसून चारी भिंती न्याहाळल्या.

"काम बरं झालंय," ती म्हणाली. "पर वारं येतंय की."

"दार उगडं हाय, म्हनून येतंय, विहीणबाई."

"मग लावल्यावर येत न्हाय, ह्ये म्या कसं मानायचं?"

कारागिराला असा प्रश्न विचारू नये. माणिकप्पा उठले आणि त्यांनी दार लावले. डब्याचे झाकण बसावे तसे ते बसले. आवाजसुद्धा झाला नाही. त्यांनी उदबत्ती पेटवून रुद्रम्माच्या हातात दिली. धूर काठीसारखा सरळ वर गेला.

"अय्यो शिवा!" रुद्रम्मा म्हणाली. "आता चूल पेटवा बगू. ऊब किती धरतंय ते कळू दे."

चन्नम्माने चूल पेटवली. घराने ऊब धरली. थोड्या वेळाने एक शाल उतरली, मग दुसरी. समाधानाने घाम पुसत रुद्रम्मा म्हणाली, "चला आता शेतात. भूक लागली."

माणिकप्पांनी दार ओढले. मग दोन्ही हातांनी ओढले. मग चौकटीला पाय लावून ओढले. कडी हातात आली.

"काय झालं?" चन्नम्माने विचारले.

"चुलीची धग लागून गारा वाळला," माणिकप्पा म्हणाले. आवाजातला अभिमान त्यांना काही केल्या लपवता आला नाही. "लई झ्याक धरलाय!"

"धरलाय न्हवं? मग त्यालाच इचारा, सोडतूस का म्हनून!"

तिघांनी सवण्याखाली उभे राहून हाका मारल्या. हाका वर गेल्या, रिकाम्या गावावरून फिरल्या आणि कोणी न भेटल्यामुळे विरून गेल्या.

दुपारी पंचाक्षरी आला. पूजा खोळंबली होती, म्हणून बोलावायला आला. हा पंचाक्षरी अत्यंत सभ्य माणूस. अंगणाच्या फाटकाशी येताच त्याला आतून दारावर धक्के ऐकू आले, आणि त्यावर रुद्रम्माचा आवाज, "व्याही, कोंडून घातलं की वो मला! बोलवा चार मानसं!" त्यावर वहिनीचा आवाज, "ह्यांच्या हट्टापायी झालं सगळं!" पंचाक्षरी तिथेच थबकला. व्याह्याविहिणीचे भांडण, वर थोरल्या माणसांचे. त्याने सवण्याकडे पाहिले. धूर निघत होता. म्हणजे चूल पेटली आहे आणि माणसे बोलत आहेत; संसारात याहून वेगळे काय असते? तो चपला हातात घेऊन पाय न वाजवता परतला आणि शेतात सगळ्यांना म्हणाला, "बाळंतपणाचं ठरतंय. सांजपातुर कुणी तिकडं फिरकू नका."

आत खायला काही नव्हते. चन्नम्माने बळदातली ज्वारी काढून भाजली आणि गाऱ्यातून उरलेली गुळाची ढेप पुढे ठेवली.

"गूळ चांगला हाय," रुद्रम्मा खाता खाता म्हणाली.

"म्हनूनच दार निगंना," माणिकप्पा म्हणाले.

रुद्रम्मा त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम खोखो हसत सुटली. चन्नम्माही हसली. माणिकप्पांना हसण्यासारखे काही दिसले नाही, पण विहिणीचा मान म्हणून तेही हसले. हसताना रुद्रम्माच्या ध्यानात आले, की आपण मांडी घालून बसलो आहोत. गुडघ्यांमुळे कित्येक हिवाळ्यांत तिला मांडी घालता आली नव्हती. हे मात्र ती कोणाला बोलली नाही.

दिवस मावळता, येळवशीच्या रीतीप्रमाणे, कडब्याच्या पेटत्या पेंढ्या घेऊन गाव ओरडत परतला. भांडण अजून मिटले नाही हे पाहून पंचाक्षरीलाही काळजी वाटली. त्याने भीतभीत दार ढकलले, आणि मग पहारी आणल्या गेल्या. चार गड्यांनी जोर लावल्यावर दार निघाले, ते चौकट घेऊनच निघाले. गारा दोघांनाही धरून होता. त्याने शेवटपर्यंत हार मानली नाही. जमलेल्या लोकांनी तो बोटाने टोकरून पाहिला आणि मान डोलावली.

घामाने थबथबलेली रुद्रम्मा बाहेर आली. गाव थंडीने कुडकुडत होता आणि ती पदराने वारा घेत होती.  चन्नम्माने डोळे मिटून घेतले.

"पोरीला पाठिवते," रुद्रम्मा म्हणाली. "असलं उबदार घर उभ्या मुलखात न्हाय."

चन्नम्माने डोळे उघडले.

"पर एक अट हाय. माझी सून कोंडून घालायची न्हाय. नीलम्मा ज्या गाडीतनं हितं उतरंल, त्याच गाडीत ह्ये दार चढवायचं. बारशाला घिऊन येते."

तसेच झाले. लेक आली आणि दार सासरी गेले. जाताना चन्नम्माने रीत म्हणून त्याला हळदकुंकू लावले.

एवढी फट उदबत्तीशिवाय दिसत होती. माणिकप्पांनी तिथे आधी गोधडी टांगली. ती वाऱ्याने रात्रभर फडफडली. कडब्याच्या पेंढ्या रचल्या. त्या बैलांनी खाल्ल्या. मग ते घोंगडी पांघरून, वाऱ्याकडे पाठ करून, स्वतःच तिथे बसले. देवाने दिलेला त्यांचा देह त्या जागेत जवळजवळ नेमका मावत होता. पौषभर आणि अर्धा माघ ते असे बसले. आत नीलम्माची मुलगी जन्मली, आणि तिला एकदाही शिंक आली नाही. गावात आजवर अनेकांनी अनेक दारे बसवली. पण स्वतः दार होऊन बसलेले एकटे माणिकप्पाच.

बारशाला रुद्रम्मा दार घेऊन आली. माकणीत इतके दिवस उन्हात उभे राहून ते वाळले होते, आकसले होते. बसवल्यावर वरच्या बाजूला बोटभर फट राहिली.

पाळणा म्हणून झाला होता. बाळ चन्नम्माच्या मांडीवर होते. माणिकप्पांनी त्या फटीकडे एकदा पाहिले, मान तिरकी करून पुन्हा पाहिले आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती उचलली.

दोघी विहिणी एका वेळी उठल्या, आणि बाळाला घेऊन अंगणात जाऊन बसल्या.