सांगा तिले

नालवाडीतील आमच्या गल्लीत गाद्यांचे दुकान चालवणारे दौलतराव आपल्या मुलीशी गादीमार्फत बोलत असत. शुभांगी समोर बसलेली असे, आणि हे मांडीवरच्या अर्धवट शिवलेल्या गादीला थोपटून म्हणत, "सांग वो तिले, चहा थंडा होऊन राह्यला."

मी तेथे असलो की गादीची सुटका होई. "भाऊ, सांगा तिले," अशी आज्ञा होई. चारचौघांत तोंड उघडणे मला आजवर साधलेले नाही. तरीही बापलेकीमधला निरोप्या मीच झालो.

अबोल्याचे कारण एक गाणे होते. शुभांगीने बँकेतली नोकरी सोडून तीन मित्रांसह रॉक बँड काढला होता. दौलतरावांनी ते गाणे एकदा ऐकले आणि निकाल दिला, "हे गानं नाई, भांडन हाय." त्यानंतर ते तिच्याशी थेट बोलले नाहीत.

गाणे ध्वनिमुद्रित करायला न घुमणारी खोली हवी होती. शुभांगीने दुकानामागची कापसाची खोली मागितली, अर्थात माझ्याकरवी.

"सांगा तिले, हे गाद्यायचं दुकान हाय, धिंगान्याचं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहतो तो काय, खोलीच्या चारही भिंतींना गाद्या उभ्या केलेल्या, दारालाही एक टेकवलेली. ड्रम फार घुमतो असे कानी येताच दौलतरावांनी त्याच्या पोटात स्वतः कापूस भरला. "सांगा तिले, गाद्यायले पाय लावू नोका," एवढे बजावून ते कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर जाऊन बसले.

दिवसभर काही ना काही आड येत राहिले. कधी एस. टी.चा भोंगा, कधी शेजारचा कुकर. गिटारवाला रडकुंडीला आला. संध्याकाळी मात्र गाणे जुळून आले. शुभांगीने शेवटचा सूर इतका ताणला की तिच्या मानेवरच्या शिरा तटतटल्या. सूर संपला. वाद्यांचा नाद पुरता विरेपर्यंत कोणी हलायचे नाही, असे ठरलेले होते. त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज आला,

"शुभे, पानी पे, माय."

ड्रमवाल्याने कपाळावर हात मारला. यंत्र बंद करायला पुढे आलेल्या मित्राला शुभांगीने खुणेनेच थांबवले. तिचे डोळे भरून आले होते. दौलतराव ओशाळून गादीकडे वळले. "सांग वो तिले, मी चुकून बोललो."

ते वाक्य गाण्यात तसेच राहिले. गाणे गाजले. वर्ध्याच्या ऑटोंत, कॉलेजांच्या कट्ट्यांवर ते वाजू लागले आणि शेवटचे वाक्य पोरे एका सुरात म्हणू लागली. दौलतराव वैतागत. "सारं गाव माह्या पोरीले पानी पाजून राह्यलं!"

शुभांगी पुण्याला गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन येई आणि तो न बोलता माझ्या हाती दिला जाई.

गेल्या महिन्यात नागपुरात तिचा कार्यक्रम झाला. दौलतराव आले नाहीत; मला धाडले. परतल्यावर सुई ओवता ओवता त्यांनी विचारले, "तिथं शेवटी ते वाक्य कोन म्हन्ते, भाऊ?"

"कोणीच नाही. त्या जागी ती थांबते. लोकही चिडीचूप होतात. मग ती बाटली उचलते आणि पाणी पिते."

दोरा सुईच्या नेढ्यातून पुन्हा पुन्हा निसटू लागला. तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीने हात पुढे केला, पण दौलतरावांनी तो आपल्याच कानाला लावला. दुसऱ्या हाताने त्यांनी सुई गादीत खोचून ठेवली.

"शुभे," अखेर ते म्हणाले, "मी बोलून राह्यलो."

मी हलकेच चपला पायांत सरकवल्या आणि दार लोटून घेतले.