तेल पाजलेली डिस्क

स्नेहलनं शेवटचं सांगून टाकलं होतं. या रविवारी गाडी ट्रॅकवरून दोरीला बांधून आली, तर ती घरी न थांबता तशीच हातकणंगल्याला जाईल. हातकणंगल्याला तिचा भाऊ उदयसिंह राहतो, आणि त्याला ही लाल, दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी स्पोर्ट्स कार नवरदेवांच्या वरातीला भाड्यानं लावायची होती. तिच्या नवऱ्याच्या, सम्राटच्या डोळ्यांसमोर ते चित्र रोज उभं राहायचं. टपावर झेंडूच्या माळा, पुढं बेंजो, आणि मागं गोगलगाईसारखी सरकणारी त्याची गाडी. बिचाऱ्याला घास उतरेना.

तसं स्नेहलचंही काही चुकत नव्हतं. शाहूपुरीत नळ-पाइपांचं दुकान चालवणारा नवरा अधूनमधून रविवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवतो, इथवर तिनं गोड मानून घेतलं. पण दोनदा गाडी टेम्पोमागं ओढत आली आणि दोन्ही वेळा अख्खी गल्ली बघायला दारात. दोन्ही वेळा दुखणं एकच, ब्रेकची डिस्क. डिस्क म्हणजे चाकाच्या आतली ती लोखंडी थाळी. पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, म्हणून गाडी थांबते. पहिल्या वेळी साध्या, स्वस्तातल्या डिस्का होत्या, त्या तापून वाकड्या झाल्या. दुसऱ्या वेळी सम्राटनं हौसेनं भोकाभोकाच्या आणल्या. शिवाजी पेठेतला गौस मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता, की ह्या दिसायला झ्याक, पण ट्रॅकवर भोकापासनं चिरा धरतात. ऐकतंय कोण. चिरा गेल्या. आता तिसऱ्या खेपेला मात्र सम्राटनं अक्कल गहाण न ठेवता गौसनं सांगितल्या तशाच घेतल्या. जाड बिडाच्या, भोकं नसलेल्या, अंगावर नुसते तिरके चर.

नव्या डिस्कांना कारखान्यातून गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो साबणानं धुऊन काढ, मग घेऊन ये, असं गौसनं बजावलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सम्राटनं त्या लेकराला न्हाऊ घालावं तशा घासून धुतल्या आणि परसात पत्र्याखाली वाळत ठेवल्या. रात्रभर पाऊस झिमझिमत राहिला. सकाळी डिस्कांवर तांबूस गंज. यात घाबरण्यासारखं काही नसतं, दोनदा ब्रेक मारला की तो निघून जातो. पण हे सम्राटला ठाऊक. परसात सगळ्यांत आधी उठून आल्या त्या आक्का.

आक्का म्हणजे सम्राटची आई. माहेर गगनबावड्याचं. तिथं एवढा पाऊस की विळीसुद्धा रात्रीत तांबडी होते. त्यामुळं गंज म्हणजे आक्कांचा जन्माचा वैरी. समोर कोरं करकरीत बीड गंजलेलं बघून त्यांच्या जिवाला घोर लागला. बिडाच्या नव्या तव्याला जे करतात, ते त्यांनी डिस्कांना केलं. राखेनं घासल्या, शेंगतेल चोपडलं, न्हाणीच्या चुलीवर तापवल्या, वरून कांदा फिरवला. थंड झाल्या की परत तेल, परत चूल. डिस्का काळ्याभोर, आरशासारख्या झाल्या. मग त्या जागच्या जागी ठेवून आक्का देवपूजेला लागल्या. तवा तयार केला हे काय कुणी गावभर सांगत फिरतं?

सम्राट उठून बघतो तर डिस्का काळ्या चकचकीत. त्याला वाटलं, गौसच पहाटे येऊन काहीतरी भारी लेप देऊन गेला. गौसनं गॅरेजात त्या बघितल्या आणि त्याला वाटलं, मालकानं वरच्या दर्जाचा माल घेतला. विचारलं तर आपल्याला एवढंही कळत नाही असं दिसेल, म्हणून दोघंही गप्प बसले. डिस्का चढल्या.

स्नेहलला शिंप्याकडं ब्लाऊज टाकायचा होता, तीही गाडीत बसली. रंकाळ्याकडच्या उतारावर सम्राटनं ब्रेक दाबला. गाडी लोण्यावरून घसरल्यासारखी पुढं. त्यानं आणखी दाबला. गाडी थांबली नाही, पण वास सुटला.

"कुणाच्यात तरी कांदा परतायल्यात," स्नेहल म्हणाली. मग तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला. "अहो, थांबवा की."

"थांबवतोच हाय," सम्राट म्हणाला. गिअर खाली आणत, हँडब्रेक ओढत त्यानं गाडी कडेला घेतली, आणि ती एका गोठ्यासमोरच्या हिरव्या वैरणीच्या ढिगात अलगद शिरून थांबली. काचेपलीकडं एक म्हैस शांतपणे रवंथ करत होती. गोठ्याचा मालक बाळासो बाहेर आला आणि गाडीकडं निरखून बघत म्हणाला, "पावणं, वैरण इकत मिळती की. असं गाडी घालून न्ह्यायची काय गरज न्हाय."

फोन गेल्यावर गौस आला. त्यानं तिथंच चाक काढलं, डिस्कवर नख ओढलं, हुंगलं आणि खाली बसला. "मालक, शेंगतेल हाय ह्ये. ह्याच्यावर डोसा बी चिकटायचा न्हाय, पॅड कुठनं चिकटंल?"

पहिल्या गिअरवर हळूहळू गाडी घरी आणली. विचारलं तर आक्कांनी कौतुकाच्या अपेक्षेनंच सांगितलं. "बीड हाय न्हवं? मग तेल पाजाय नको?" उद्याच रविवार होता. अट काय होती ती स्नेहलनं सासूला सांगितली, तेव्हा आक्कांचा चेहरा उतरला. लेकाचा जीव त्या गाडीत किती आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपल्या हातानं ती वरातीला लागणार, या विचारानं त्यांना भरून आलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या.

"म्या चढीवलंय, म्याच उतरवते," त्या म्हणाल्या. "गौस, त्या डिस्का काढ आणि हिकडं आण."

बिडाच्या तव्यात आंबट शिजवायचं नाही, नाहीतर त्याचं तेल सुटतं, हे सगळ्याच घरांत पोरींना सांगतात. आक्कांनी नेमकं तेच उलटं केलं. लग्नातलं मोठं पातेलं काढलं, घरातली सगळी चिंच त्यात लोटली आणि डिस्कांची आमटी चढवली. स्नेहल जाळ घालत होती, ढवळत होती, आणि मधूनच तोंडाला पदर लावून हसत होती. उकळलेल्या डिस्का गौस आणि सम्राटनं पॉलिश पेपरनं खसाखसा घासल्या. दिवस मावळायच्या आत खालचं राखाडी बीड दिसायला लागलं. तेल प्यालेले पॅड टाकून गौसनं दुसरे बसवले.

आता लगेच पळवायचं नाही, असं त्यानं समजावलं. आधी वेग घ्यायचा, ब्रेक मारायचा, गार होऊ द्यायचं, परत मारायचं. असं केलं की पॅडचा थर डिस्कवर बसतो.

"म्हंजे ह्येला बी मुरवाय लागतंयच की," आक्का म्हणाल्या.

"व्हय आक्का," गौस हात जोडून म्हणाला, "पर तेलाबिगर."

रविवारी उदयसिंह टेम्पो घेऊन सकाळीच ट्रॅकवर हजर. दोरी त्यानं घरूनच आणली होती. शिवाय झेंडूची एक माळ, गाडीला किती लागेल याचा अंदाज घ्यायला. दिवसभर टेम्पोत हलगीची गाणी लावून तो मजेत बसला. "दाजी, घाई न्हाय," तो दर फेरीला ओरडायचा. "सावकाश बंद पडू द्या."

पहिल्या वळणाला सम्राटनं ब्रेक दाबला. गाडीनं नाक खाली घातलं आणि सांगितल्या जागी वेग सोडला. दुसऱ्या वळणाला तसंच. फेरीमागून फेरी डिस्का तापत गेल्या, तशी त्यांची पकड वाढतच गेली. कठड्याशी आक्कांशेजारी उभी राहिलेली स्नेहल आधी नखं खात होती, नंतर शिट्टी मारायला लागली. शेवटची फेरी संपली आणि गाडी आपल्या चाकांवर बाहेर आली.

उदयसिंहनं माळ टेम्पोच्या टपावर टाकली आणि टेम्पोची किल्ली फिरवली. टेम्पो खाकरला आणि गप्प झाला. दिवसभराच्या हलगीनं बॅटरी पार बसली होती. चार जणांनी ढकलून बघितलं, तरी तो चालू होईना.

"दादा," स्नेहल म्हणाली, "ती दोरी दे हिकडं."

तिनं नवऱ्याकडं किल्लीसाठी हात केला आणि त्याला शेजारी बसवून स्वतः स्टेअरिंगवर बसली. लाल गाडी पुढं, दोरीला टेम्पो मागं, त्यात उदयसिंहशेजारी आक्का. सरकत सरकत वरात हातकणंगल्याच्या रस्त्याला लागली. वाटेत लोक थांबून बघत होते. माळ टेम्पोवर होती, त्यामुळं नवरदेव कोण याबद्दल कुणाला शंका राहिली नाही.

हातकणंगल्याला पोचल्यावर उदयसिंहनं सगळ्यांना चहाला बोलावलं. सगळे आत गेले, आक्का मात्र टेम्पोच्या चाकाशी वाकून बघत राहिल्या. आतली थाळी गंजून तांबडीलाल झाली होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि दारातून आत हाक मारली.

"उदयसिंह, शेंगतेल हाय का रं घरात?"

सम्राट आणि स्नेहल चहाचे कप तसेच टाकून धावले.