दादाच्या पाठीवरचे पेले

या घरातल्या कुणालाही आता डॉक्टरांची पायरी चढावी लागणार नाही, असं धाकटीने जेवताना जाहीर केलं, तेव्हा तिला चिनी उपचारांच्या वर्गाला जायला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. आईने मान डोलावली, कारण तिला ऐकू कमी यायचं. वहिनीने भीतभीत दादाकडे पाहिलं. दादाने पुढचा घास घेतला.

धाकटी म्हणजे फोटो स्टुडिओवाल्या दादाची बहीण. आज तिचे सगळे केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, पण गल्लीच्या लेखी ती अजून धाकटीच आहे. तेव्हा मात्र ती खरोखरच धाकटी होती. पुढच्या खोलीत दादाचा स्टुडिओ, मागे राहतं घर, आणि मधल्या अंधाऱ्या कोनाड्यात फोटो धुवायची खोली. दादाने काढलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना बारीक ब्रशने रंग भरायचं काम तिच्याकडे असे. ओठांवर किंचित गुलाबी, गालांवर जराशी लाली, डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, मी नुसती माणसं पकडतो, त्यांच्यात जीव घालते ती ही.

याच हातामुळे ती सिस्टरच्या नजरेत भरली. सिस्टर म्हणजे बोटीवरच्या दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढलेली, भक्कम बांध्याची, भारदस्त आवाजाची बाई. कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्या चिनी वैद्याच्या हाताखाली त्या हे सगळं शिकल्या होत्या आणि निवृत्तीनंतर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत वर्ग घेत होत्या. फोटो काढायला आल्या असताना त्यांनी धाकटीचा ब्रश पाहिला आणि विचारलं, "सुई धरशील का या हातात?" धाकटी त्याच आठवड्यात वर्गाला जाऊन बसली.

काय दिवस होते ते. खाली पोऱ्या सायकलीत हवा भरायचा, फुस्स, फुस्स. वर सिस्टर म्हणायच्या, श्वास घ्या, सोडा. काही दिवसांत सगळा वर्ग नकळत त्या पंपाच्या तालावर श्वास घ्यायला लागला. खाली एखादी ट्यूब फुटली की वर निम्म्या लोकांचा श्वास अडकायचा. तीन बोटांनी नाडी बघणं, जीभ वाचणं, कोपरापासून करंगळीपर्यंत कुठला बिंदू कुठे बसतो ते चाचपणं, सगळं धाकटी तहान लागल्यासारखं शिकली. आणि शिकलेलं घरी येऊन करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

स्टुडिओत आलेल्या माणसाची ती आधी जीभ बघायची. ओळखपत्रासाठी फोटो काढायला आलेला एक कारकून जीभ दाखवून, यकृत जपा असा सल्ला घेऊन, फोटो न काढताच घरी गेला. आईच्या गुडघ्याला तिने औषधी पाल्याच्या जळत्या कांडीचा शेक दिला. खोलीत एवढा धूर झाला की फोटोच्या रसायनांनी पेट घेतला असं समजून वहिनी बादली घेऊन धावली आणि तिने ती नेमकी आईवर ओतली. गुडघा होता तसाच राहिला, आईला आठवडाभर सर्दी मात्र झाली.

"शरीरात सगळीकडे 'ची' वाहत असते," धाकटीने एकदा दादाला समजावलं.

"कुणाची?" दादाने विचारलं.

"कुणाची नाही. नुसती 'ची'."

"अगं पण कशाची तरी असेल ना?"

ऊर्जेची, असं ती चिडून म्हणाली, आणि 'ऊर्जेची ची' म्हणजे काय हे तिला स्वतःलाच पुढे सांगता येईना. त्यानंतर कुणाची काहीही वस्तू हरवली की दादा गंभीरपणे विचारायचा, ची तर नाही ना गेली?

तर अशा या दिवसांत दादाची मान धरली. साधीसुधी नव्हे. डाव्या खांद्यापासून कानापर्यंत सगळं असं आखडलं की डावीकडे बघायचं तर त्याला पायासकट वळावं लागे. आणि वेळ आली ती नेमकी शाळेच्या सामूहिक फोटोच्या तोंडावर.

हा फोटो म्हणजे दादाची वर्षभराची शान. वडिलांच्या काळापासून शाळेचा फोटो याच स्टुडिओचा. पण चौकात नवीन स्टुडिओ उघडला होता, त्यांच्याकडे परदेशी कॅमेरा होता, आणि गेल्या वर्षी दादा थोडा उशिरा पोहोचला तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई घड्याळाकडे बघत एवढंच म्हणाल्या होत्या की जमत नसेल तर सांगा. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या शाळेच्या सगळ्या फोटोंत पोरं अशी उभी असायची की बघणाऱ्याने विचारावं, कोण गेलं? दादाच्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याला तीन पायांचं तिकाटणं होतं, वर काळं कापड होतं, आणि मान वाकवून त्या कापडात डोकं घातल्याशिवाय फोटो निघत नव्हता. त्याची तर मान वाकतच नव्हती.

"मी करते मोकळी," फोटोच्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम."

दादाने नको म्हटलं नाही यावरूनच तो किती टेकीला आला होता ते कळावं.

आदल्याच आठवड्यात सिस्टरनी काचेचे कप लावायला शिकवले होते. स्पिरिटात भिजवलेला कापूस पेटवायचा, कपात क्षणभर फिरवायचा, बाहेर काढायचा आणि कप पटकन पाठीवर दाबायचा. आतली हवा आक्रसते, कप कातडी ओढून घेतो, साकळलेलं रक्त सुटतं. धाकटीकडे तसले कप नव्हते. पण वहिनीचा पाहुण्यांसाठी राखलेला पेल्यांचा संच होता. जाड काचेचे, बुटके, निळ्या फुलांचे पेले. वहिनी त्यांतून स्वतःसुद्धा पाणी पीत नसे. नवऱ्याच्या मानेसाठी तिने त्यातले चार काढून दिले, तेही तीनदा बजावून.

दादा पालथा झोपला. धाकटीने लावले पेले, एकामागून एक, सफाईने. कातडी आत फुगून जांभळी झाली. दादा म्हणाला, खरंच बरं वाटतंय गं. धाकटीने वहिनीकडे असं पाहिलं जणू ती स्वतःच बोटीवर जन्मली होती. मग तिने पेले काढायला हात घातला.

ते निघेनात.

तिने जरा जोर लावला. कातडी पेल्याबरोबर तंबूसारखी वर आली आणि दादा चादरीत तोंड घालून ओरडला. वहिनी म्हणाली, ओढू नका, फुटेल. ती पेल्याबद्दल बोलत होती. धाकटी उभी राहून आठवायला लागली. वर्गात कप काढले होते हे नक्की. पण ते सिस्टरनी काढले होते, पाठमोरं उभं राहून, बोटीवरच्या कुठल्याशा कप्तानाची गोष्ट सांगता सांगता. आणि गोष्ट इतकी रंगात आली होती की हाताकडे कुणी बघितलं नव्हतं. कप काढायचे कसे हे पुढच्या वर्गात, असं सिस्टर शेवटी म्हणाल्याचंही तिला आता आठवलं.

"म्हणजे तुला काढता येत नाहीत?" दादाने चादरीतून विचारलं.

"पुढच्या शनिवारी येतील," धाकटी म्हणाली.

ती चपला न घालता सिस्टरच्या घरी धावली. दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, लेकीकडे गेल्यात, संध्याकाळपर्यंत येतील. परत आली तर वहिनी पेल्यांभोवती साबणाचं पाणी सोडत होती आणि दादा निसरडा झाला होता, बाकी काही फरक नव्हता. शेवटचा उपाय म्हणून धाकटीने ऊर्जा लावली. हे तिचं सगळ्यात ताजं शिक्षण. तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे, दुखऱ्या जागेवर न टेकवता धरायचे आणि मन एकाग्र करायचं. तिने डोळे मिटले.

"काही जाणवतंय?" तिने हळूच विचारलं.

"गार वारा लागतोय," दादा म्हणाला.

वहिनीने खिडकी लावली.

तेवढ्यात आई आत आली. तिने मुलाची पाठ पाहिली, घड्याळ पाहिलं, कपाटातून वडिलांचा ढगळ कोट काढला आणि दादाच्या अंगावर चढवला. तिला निम्मं ऐकू आलं नव्हतं, पण उशीर झाला तर फोटो जाईल हे घरात सगळ्यात आधी तिलाच कळलं.

ती वरात धाकटी आजही विसरलेली नाही. पुढे ती स्वतः, खांद्यावर तिकाटणं. मागे दादा, कॅमेऱ्याची पेटी हातात, मान एका बाजूला आणि पाठीवर उंटासारखं कुबड. पावला-पावलाला पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. चांभाराने काम थांबवून पाहिलं. डाकवाल्याने सायकलवरून उतरून विचारलं, पाठीला काय झालं? दादा म्हणाला, उपचार चालू आहेत. तो धाकटीला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागत होतं. वडिलांच्या हातचं काम आज आपल्यामुळे जाणार, हे तिला पावलागणिक ऐकू येत होतं, किण किण.

शाळेच्या मैदानात पोरं बाकांवर रांगा करून उभी होती. मध्ये खुर्चीत मोठ्या बाई. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग दादाचं कुबड पाहिलं, आणि समोर बघत बसल्या. हसायचं नाही, अशी ताकीद पोरांना आधीच मिळाली होती.

दादाने कॅमेरा उभा केला. दात-ओठ खाऊन तो वाकला आणि काळ्या कापडात शिरला. पाठ ताणली गेली, साबणाने आधीच बुळबुळीत झालेली कातडी सरकली आणि कोटाच्या आतून आवाज आला.

फट्.

त्या आवाजाचा शाळेतल्या प्रत्येक पोराने एकच अर्थ लावला. रांगांतून एक थरथर गेली. गालफडं फुगली. मोठ्या बाईंची भुवई वर चढली.

"माफ करा," कापडातून दादा म्हणाला, "तो मी नव्हे."

फट्, दुसरा पेला सुटला. तो कोटाच्या अस्तरातून घरंगळत खाली आला, गवतावर पडला आणि उतारावरून रमतगमत मोठ्या बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला. बाईंनी वाकून तो उचलला. निळ्या फुलांचा पेला. त्यांनी तो उलटा केला, आत डोकावून पाहिलं, मग कापडाखालच्या माणसाकडे पाहिलं.

"पाणी हवंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. आणि हे विचारता विचारताच त्यांचा चेहरा फुटला. आधी खांदे हलले, मग हसू ओठांवर आलं, मग डोळ्यांतून पाणी. मोठ्या बाई हसताहेत म्हटल्यावर शाळेला कोण धरणार? मागची रांग पुढच्या रांगेवर कोसळली. कापडाखाली दादाही हसायला लागला, त्याबरोबर राहिलेले दोन्ही पेले फटाफट सुटले, आणि हसण्याच्या त्या गचक्यात त्याच्या हातातला, फोटो टिपायचा रबरी फुगा दाबला गेला.

फोटो निघाला होता. दादा कापडातून बाहेर आला, धाकटीला शोधायला त्याने डावीकडे मान वळवली, आणि मग तो तसाच थबकला. मान वळली होती.

कशाने वळली यावर घरात कधीच एकमत झालं नाही. धाकटी म्हणे पेल्यांनी, वहिनी म्हणे साबणाने, आई म्हणे वडिलांच्या कोटाने. संध्याकाळी सिस्टर आल्या. त्यांनी दादाच्या पाठीवरचे चार जांभळे वाटोळे डाग बघितले आणि धाकटीच्या दंडावर एक कप लावला. कडेच्या कातडीवर नुसतं बोट दाबलं. टक्, कप हातात. "हवा आत जाऊ द्यायची असते, एवढंच," त्या म्हणाल्या. धाकटी त्या रात्री जेवली नाही. पण सकाळी दादाने ओला फोटो दोरीवरून काढून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, हा तूच रंगव.

शाळेच्या कार्यालयात लावायला मोठ्या बाईंनी दुसरा, रीतसर गंभीर फोटो काढून घेतला. पण घरोघरी गेला तो हसरा. नवीन स्टुडिओवाल्याला शाळेने कधी बोलावलं नाही.

आता दादा नाही, वहिनी नाही, सिस्टर तर केव्हाच गेल्या. लाकडी कॅमेरा कुणी घेईना म्हणून कोपऱ्यात उभा आहे. स्टुडिओच्या त्याच खोलीत, मागे रंगवलेला डोंगर-तळ्याचा पडदा अजून तसाच ठेवून, धाकटी रोग्यांची नाडी बघते. सुया टोचते, शेक देते, कुणी घाबरलेलं आलं तर नुसतेच तळहात धरून बसते, आणि लोक म्हणतात, बरं वाटलं. भिंतीवर तो हसरा फोटो आहे, तिने रंगवलेला.

परवा एक टक्कल पडलेले गृहस्थ कंबर धरून आले. फोटोसमोर उभे राहिले ते हलेनातच.

"ही आमची शाळा," ते म्हणाले. "हा मी. मागच्या रांगेत, तोंड उघडं ते. घरी होता आमच्याकडे हा फोटो."

धाकटीचा जीव सुपाएवढा झाला. तिने विचारलं, आठवतं का सगळे कशाला हसत होते?

त्यांनी टकलावरून हात फिरवला. "मैदानात कुत्रं शिरलं होतं बहुतेक. हो, कुत्रंच. बाईंच्या खुर्चीखाली."

धाकटीने त्यांची जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि पालथं झोपायला सांगितलं. कमरेपासून खांद्यापर्यंत कप लावले, एकामागून एक, सफाईने. शेवटचा घट्ट बसला. आता गृहस्थांच्या मनात आलं तरी त्यांना उठून जाता येणार नव्हतं. मग तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या उशाशी ऐसपैस बसली.

"कुत्रं नव्हतं," ती म्हणाली. "ऐका."