सातवी ब शुक्रवारी चालत नाही

"मार्चच्या आत माझी पोरं कन्याकुमारीला पोचतील! लिहून घ्या, मॅडम!"

अनंत सर हे वाक्य ठणकावून बोलले तेव्हा मुख्याध्यापिका वैशाली मॅडम खरंच लिहीत होत्या. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक! त्यात खेळाचा तास खोडून तिथे गणित टाकायचं घाटत होतं. गणिताचे कडू सर शेजारी उभे राहून मॅडमच्या पेनाकडे असे बघत होते, जसं पंगतीला बसलेला माणूस वाढप्याकडे बघतो.

अनंत सर त्या शाळेचे खेळाचे शिक्षक. बुऱ्हाणपुरात शनवारा वेशीच्या आत, रात्रभर खटखटत कापड विणणाऱ्या पॉवरलूमच्या गल्लीत त्यांचं घर. नोकरी करारावरची. खेळाचा तास गेला की सरांचीही शाळेतून पाठवणी, इतकं ते सरळ होतं. म्हणून त्यांनी मोबाईलवर आलेली एक जाहिरात मॅडमच्या नाकासमोर धरली होती. पुण्याच्या एका संस्थेनं शाळांसाठी चालण्या-पळण्याची स्पर्धा काढली होती. मुलांनी चालायचं आपल्याच गावात. हाताला बांधलेला बँड त्यांची पावलं मोजणार आणि मोबाईलच्या नकाशावर शाळेचा झेंडा तेवढाच पुढे सरकणार. घाम गाळायचा बुऱ्हाणपुरात आणि उतरायचं कन्याकुमारीला!

"पोचलात तर तास तुमचा," मॅडम म्हणाल्या. "नाही पोचलात तर कडू सरांचा."

कडू सर हसले. एरवी ते वर्षातून दोनदाच हसत, एकदा पेपर काढताना आणि एकदा तपासताना.

संस्थेनं बँड पाठवला. बँड कसला, एकुलता एक लाडका लेक! एका शाळेला एकच. सरांनी तो सातवी बच्या हवाली केला. वर्गाची मॉनिटर मृणाल हिने पाळ्या लावल्या. आज याच्या हाताला, उद्या तिच्या. ज्याची पाळी त्यानं तो घरी न्यायचा, चालचाल चालायचं आणि सकाळी आणून द्यायचा. मग सर तो मोबाईलला जोडणार आणि सगळा वर्ग मोबाईलवर तुटून पडणार.

पोरांनी जीव ओतला, यात शंका नाही. तापीकाठच्या गावातून येणारा मोहित केळीच्या बागेला फेऱ्या मारमारून आला. "पप्पा बोलले, पाणी भरायचं काम तरी कर, नुसता काय फिरतो!" मृणालनं आईला भाजी आणायला जाऊच दिलं नाही. कोथिंबिरीसाठी वेगळी फेरी, मिरचीसाठी वेगळी! गोटूचं मात्र जरा अवघड होतं. गोटूला चालण्याचा राग नव्हता, बसण्याची आवड होती. त्याच्या पाळीला झेंडा नुसता थरथरायचा.

अशी रखडत रखडत सातवी ब जानेवारीत नांदेडला पोचली आणि तिथेच घोटाळायला लागली. अनंत सरांची झोप उडाली. स्टाफरूममध्ये कडू सर रोज चहाच्या वेळी विचारायचे, "काय सर, नांदेडले घर बांधलं का?"

आणि मग एका सकाळी चमत्कार झाला! भूमिकानं बँड आणून दिला, सरांनी मोबाईलला जोडला आणि झेंडा टुणकन उडाला. एका दिवसात जवळजवळ पन्नास किलोमीटर!

"भूमिका!" सर ओरडले. "शाब्बास! याला म्हणतात स्टॅमिना! बघा रे, मी सांगतो ते गुडघे वर, गुडघे वर, त्याचा परिणाम आहे हा!"

भूमिका काहीतरी बोलायला गेली, पण मृणालनं तिला कोपर मारलं.

दुसऱ्या दिवशी मोहितची पाळी. पुन्हा पन्नास! तिसऱ्या दिवशी गोटू. गोटू! पन्नासच्याही वर! खरं म्हणजे इथे कुणाही शहाण्या माणसाच्या मनात पाल चुकचुकली असती. गोटूला पन्नास किलोमीटर न्यायला टेम्पो लागला असता. पण सरांना त्या दिवसांत आपल्या शिकवण्याचं इतकं कौतुक वाटत होतं, की शंका यायला डोक्यात जागाच नव्हती. पाळी कुणाचीही असो, सकाळी बँड भूमिकाच्या दप्तरातून निघायचा, हेही त्यांनी पाहिलं होतं. त्यावर त्यांचं मत एवढंच, की पोरगी वस्तू जपून ठेवते.

हैदराबाद मागे पडलं, बंगळूर मागे पडलं. झेंडा मदुराईकडे धावत सुटला. सर छाती काढून चालू लागले. छातीपेक्षा पोटच आधी यायचं, ते सोडा. कडू सरांनी नांदेडचं नाव टाकलं. शाळा देशात पहिली आली आणि पुण्याहून फोन आला.

"अनंत सर, मी वंदना, स्पर्धेच्या ऑफिसातून. तुमच्या मुलांनी कमाल केलीय!"

"मॅडम, सगळं मार्गदर्शनावर असतं," सर विनयानं म्हणाले.

"फक्त एक विचारायचं होतं. तुमची मुलं रात्री चालतात का? आमच्याकडे तशी वेळ दिसतेय."

आपली मुलं रात्री चालतात हे सरांनाच आत्ता कळत होतं. पण देशात पहिल्या आलेल्या शाळेच्या गुरूला, 'मला माहीत नाही' असं म्हणता येतं का?

"हो! म्हणजे रात्रीच! आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक नाही, मॅडम."

"फेब्रुवारीत?"

"आत्तापासून सवय लावतोय. एप्रिलची."

"बरं. आणि रात्री मध्येच तास-दीड तास सगळं एकदम थांबतं..."

"चहा!"

"रात्री?"

"थंडी असते ना, मॅडम."

उन्हाला भिऊन रात्री निघालेली मुलं थंडी वाजते म्हणून चहा पीत होती. सरांच्या कपाळावर मात्र खराखुरा घाम आला.

"शेवटचं. शुक्रवारी तुमची मुलं पाऊलही टाकत नाहीत. एकाही शुक्रवारी नाही. ते का?"

शुक्रवार! सरांनी डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "उपास! संतोषीमातेचा!"

"सगळ्या मुलांचा?"

"शाळेचाच म्हणा ना!"

"बाप रे! इतकी लहान मुलं! सर, मला हे बघायलाच हवं. मी येते. येत्या शुक्रवारीच येते!"

शुक्रवारी सकाळी प्रार्थना संपताच सर सातवी बमध्ये शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"ऐका. आज तुम्हा सगळ्यांचा उपास आहे."

"कायचा, सर?" मोहितनं विचारलं.

"संतोषीमातेचा. पुण्याच्या मॅडम विचारतील. डबे आत ठेवा. आंबट तर बिलकुल खायचं नाही."

गोटूचा चेहरा पडला. त्याचा खिसा चिंचांनी फुगला होता. "सर, ये तो चीटिंग है," तो म्हणाला. "कालच नाही सांगायचं का? मी सकाळी पोटभर खाऊन आलो असतो ना."

मृणाल, मोहित आणि भूमिका एकमेकांकडे बघत राहिले. चीटिंग या शब्दावर तिघांच्या माना खाली गेल्या.

वंदना मॅडम दुपारच्या सुट्टीत आल्या. सरांनी मावा जिलेबी मागवली होती. मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात वैशाली मॅडम, कडू सर, अनंत सर आणि सातवी बची निवडक चार मुलं उभी राहिली. वंदना मॅडमनं जिलेबीकडे पाहिलं, मग मुलांकडे पाहिलं आणि ताटली बाजूला सारली.

"नको. ही एवढीशी मुलं उपाशी आणि मी कशी खाऊ?"

गोटूनं जिलेबीकडे इतक्या दुःखानं पाहिलं, की त्याचा हात आपोआप खिशात गेला आणि एक चिंच तोंडात पोचली.

"बाळ," वंदना मॅडम दचकल्या, "तुझा उपास आहे ना?"

"हो मॅडम," गोटू चिंच चोखत म्हणाला. "म्हणून तर भूक लागली."

कडू सर खोकले. अनंत सरांनी घाईघाईनं विषय बदलला. "मॅडम, चालण्याबद्दल विचारा ना! ही भूमिका, आमची स्टार!"

वंदना मॅडमनं भूमिकाला जवळ घेतलं. "काय गं, रात्री चालायची भीती नाही वाटत?"

भूमिकाला खोटं बोलायची सवय नव्हती आणि ते शिकवायला सकाळी वेळ पुरला नव्हता. तिनं एकदा मृणालकडे पाहिलं. या वेळी मृणालनं कोपर मारलं नाही.

"रात्री मी झोपते, मॅडम," भूमिका म्हणाली. "लूम चालतो."

"कोण?"

"लूम. आमच्या घरी पॉवरलूम आहे ना, सरांच्याच गल्लीत. माझी पाळी होती त्या दिवशी मम्मी बोलली, ते घड्याळ काढ आन कणीक मळ. मी काढून लूमच्या हलत्या दांडीले अटकवलं. मंग भूलच गेली. रातभर लूम चालू. सकाळी पाहिलं तर पन्नास किलोमीटर! दांडी हलली की तो समजतो, पाऊल टाकलं."

"आणि ते मध्येच थांबणं?"

"लाईट जाते."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी लूमले सुट्टी."

ऑफिसात अशी शांतता पसरली, की गोटूच्या तोंडातला चिंचोका ऐकू आला. अनंत सर खुर्चीचा हात धरून उभे होते. रात्रभर ज्या खटखटीशिवाय त्यांना झोप लागत नव्हती, शुक्रवारी जी बंद पडली की ते कूस बदलत पडायचे, तीच त्यांची सातवी ब होती! महिनाभर ते उशाशी आपल्याच टीमचा आवाज ऐकत होते!

"म्हणजे मदुराईले लूम गेला," कडू सर सावकाश म्हणाले. "पोरं नांदेडलेच आहेत."

"कोणाची अक्कल ही?" अनंत सर कडाडले. लाजेनं त्यांचे कान तापले होते. "तुमच्यासाठी मी इतका गाजावाजा केला आणि तुम्ही मला चार माणसांत असं तोंडावर पाडता? मृणाल! तू मॉनिटर ना?"

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तिनं पडू दिला नाही. "भूमिकाचं चुकून झालं होतं, सर. बाकीचं आम्ही मिळून केलं. रोज ज्याची पाळी तो बँड भूमिकाले देत होता. आम्ही स्टाफरूमच्या बाहेर ऐकलं होतं. तास गेला तर तुमीबी जाणार. पुढल्या वर्षी तुमी नसते, सर."

"आम्ही चालून पाहिलं ना, सर," मोहित म्हणाला. "खूप चाललो. पन नाही होत होतं. टाइम कम होता."

सातवी बनं आपल्याला फसवलं, याचा राग सरांनी शोधून पाहिला आणि तो सापडला नाही. तिथं नुसती माया भरून आली होती. वर्गातली पोरं आपल्या नोकरीसाठी महिनाभर लूमला कन्याकुमारीच्या रस्त्यानं पळवत होती! त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच शिट्टी पुसली.

वंदना मॅडम आधी हसल्या. मग त्याही रुमाल शोधू लागल्या. पण नियम तो नियम. लूमनं कापलेलं सगळं अंतर त्यांनी तिथल्या तिथे वजा केलं. झेंडा मदुराईहून जो निघाला, तो थेट नांदेडला येऊन थांबला. मार्च तोंडावर आला होता. आता कन्याकुमारी कसली आणि काय कसलं!

कडू सरांनी खिशाचं पेन काढून वैशाली मॅडमपुढे धरलं. "मॅडम, ते वेळापत्रक..."

मॅडमनं पेन घेतलं. अनंत सरांनी खिडकीबाहेर मैदानाकडे पाहिलं. शेवटचंच पाहतोय असं पाहिलं.

"मुलांनी लबाडी केली," मॅडम म्हणाल्या. "शिक्षा तर होणारच. लूम जेवढा चालला, तेवढं अंतर सातवी बनं स्वतःच्या पायांनी चालायचं. नांदेड ते मदुराई. अभ्यास बुडवून नाही, सुट्टीत नाही. खेळाच्या तासालाच. आणि ते पूर्ण होईपर्यंत या तासाला कोणी हात लावायचा नाही!"

कडू सरांचे ओठ हलू लागले. हिशेब आपोआप सुटत होता, त्यांना तो थांबवता येत नव्हता. "मॅडम," ते कळवळून म्हणाले, "आठवड्याला दोन तास... अहो, ही पोरं दहावी पास होऊन जातील, तरी मदुराई येणार नाही!"

"मग आठवीला आली की आठवी ब, नववीला आली की नववी ब," मॅडम म्हणाल्या आणि वेळापत्रकावर खेळाचा तास पुन्हा ठळक लिहिला. "शिक्षा म्हणजे शिक्षा, कडू सर."

अशी कडक शिक्षा ऐकून गोटूनं आनंदानं उडीच मारली! अनंत सरांनी दोन्ही हात जोडले. "मॅडम, तुमचे उपकार..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "बँड आता मुलांच्या हाताला बांधायचा नाही. घरी जाऊन तो पुन्हा कुठं लटकायला नको. सर, हात पुढे करा."

सरांनी हात पुढे केला. मॅडमनं स्वतः बँड बांधला आणि वरून पट्टा घट्टही केला.

सोमवारी खेळाच्या तासाला सातवी ब नांदेडहून निघाली. पुढे सर, मागे वर्ग. आजवर सर मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून शिट्टी वाजवत आणि गुडघे वर म्हणत. ते गुडघे किती जड असतात, हे त्यांना पहिल्याच फेरीत कळलं. दुसऱ्या फेरीला शिट्टी फुंकायलाही श्वास उरला नाही. तिसऱ्या फेरीला त्यांच्या लक्षात आलं, की मागून पावलांचा आवाज फारच हळू येतोय. त्यांनी वळून पाहिलं. सगळा वर्ग, मोहितसुद्धा, सरांना मागे टाकू नये म्हणून एकेक पाऊल मोजून मापून टाकत होता.

गोटू धावत पुढे आला. त्यानं कडेची खुर्ची उचलून आणली, सरांच्या मागे ठेवली आणि आपल्या आजोबांशी बोलावं तशा आवाजात म्हणाला,

"बसा, सर, थोडं. टेन्शन नका लो. हैदराबाद कुठं पळून नाही चाललं."